पीएचडी झाली, प्रोफेसर नाही झाले, मग ही माणसं करतात काय?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका ज्युनियरचा व्हॉइस मेसेज आला, चांगला चार मिनिटांचा. आमच्याच लॅबमधली मुलगी, पाचवं वर्ष संपत आलेलं, सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा सारांश, द्यायचाय, फेलोशिप मार्चमध्ये बंद होणार आणि घरी आई रोज फोनवर विचारते की अगं कुठल्या कॉलेजात लागणार तू. शेवटी म्हणाली, "ताई, एवढी वर्षं केलं ते कशासाठी केलं तेच कळेना झालंय." मी रात्री काही उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी फोन केला, दीड तास बोलत होतो आम्ही. त्या फोनवर जे बोलले तेच इथे जरा नीट लिहून काढतेय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आणि तिच्या आईचा गोंधळही खरा आहे. लाइफ सायन्समध्ये पीएचडी केलेला माणूस कॉलेजात शिकवत नसेल तर नेमकं काय करतो हे घरच्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

मी स्वतः बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली, पुण्यातच, आणि गेली नऊ वर्षं मेडिकल रायटिंगमध्ये आहे. ते काय असतं ते पुढे सांगते.

आधी पीएचडी म्हणजे काय ते बघूया

बऱ्याच जणांना वाटतं पीएचडी म्हणजे एमएस्सीच्या पुढची अजून एक मोठी परीक्षा. पुरणपोळीचं उदाहरण घ्या. एमएस्सीपर्यंत तुम्ही आजीच्या पद्धतीने पोळी करायला शिकता, प्रमाण ठरलेलं, चुकलं तर सांगायला कोणीतरी शेजारी उभं. पीएचडीत तुम्हाला विचारतात की ही पोळी तव्यावर गेल्यावरच का फुटते, आणि याचं उत्तर घरात कोणालाच माहीत नसतं. मग तुम्ही एक दिवस फक्त पुरण घट्ट करून बघता, बाकी सगळं तेच ठेवून, दुसऱ्या दिवशी फक्त कणीक बदलता, तिसऱ्या दिवशी फक्त आच कमी करता, दर वेळी वीस पोळ्या लाटता कारण एकीवर भरवसा ठेवता येत नाही, सगळं तारखेसकट वहीत लिहिता आणि शेवटी परक्या परीक्षकांसमोर उभं राहून पटवून देता की दोष कणकेचाच होता. मधली दोन वर्षं उगाच तव्याला दोष देण्यात जातात ते वेगळंच.

लाइफ सायन्स म्हणजे जीवशास्त्राचं सगळं गणगोत, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बॉटनी, झूलॉजी, जेनेटिक्स, इकॉलॉजी सगळं आलं त्यात. विषय वेगळे असले तरी प्रत्येकाला लागलेली सवय एकच असते, कुठलाही दावा समोर आला की आधी विचारायचं, बरं, हे कशावरून? मी ज्या प्रोटीनवर साडेपाच वर्षं घालवली त्याचे निम्मे तपशील आता आठवत नाहीत, पण ही सवय काही सुटत नाही, आणि नोकरी देणारे पैसे देतात ते बहुतेक वेळा या सवयीसाठी.

जागांचं गणित कोणी आधी सांगत नाही

एक प्रोफेसर साधारण तीस वर्षं नोकरी करतात. समजा तेवढ्या काळात त्यांच्याकडे बारा जणांची पीएचडी झाली. ते रिटायर होतात तेव्हा खुर्च्या किती मोकळ्या होतात? एक. वडिलांची जमीन पाच एकर आणि वारस बारा, आणि पुढे त्या बाराही जणांना प्रत्येकी बारा मुलं, असं आहे हे. नवीन कॉलेजं, नवीन संस्था निघत राहिल्या तर थोडी सूट मिळते, पण ती या वेगाने निघत नाहीत. म्हणजे अकरा जणांनी दुसरीकडे जाणं हा कोणाच्या हुशारीचा प्रश्नच नाही, ते आकड्यांमध्येच लिहिलेलं आहे, आणि तरी लॅबमध्ये वातावरण असं असतं की जणू बाराही जण प्रोफेसरच होणार आहेत. मला याचा राग येतो, कारण यात चांगली चांगली मुलं स्वतःला नापास समजत बसतात.

आपल्याकडे त्यात अजून भर आहे. कायम जागा निघायला वर्षं जातात आणि तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं, म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही. २०२३ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट या पात्रता परीक्षा ही किमान पात्रता ठेवून पीएचडी ऐच्छिक केली. चांगलं की वाईट यात मी पडत नाही, पण पीएचडी झाली म्हणजे रांगेत आपोआप पुढे, असं आता समजू नये.

मग लोक पोस्टडॉक करतात. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी. सरकारी प्रोजेक्टवर जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो) ४२,००० मिळतात, पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून ६७,००० पर्यंत, घरभाडं वेगळं, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. वाईट नाही, पण मुदत संपली की परत शोधा. आणि परदेशी जाऊन पोस्टडॉक करू म्हणावं तर २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली आणि सप्टेंबरमध्ये एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. आधीपासूनच अरुंद असलेली वाट अजून अरुंद झाली.

तिकडेही हा प्रश्न जुनाच आहे बरं का. वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये बेस्ट नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि १७ संस्थांना पैसे दिले, कशासाठी, तर पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्यांना प्रोफेसरकी सोडून बाकी कामांची ओळख व्हावी म्हणून.

कमलाबाई सोहोनींची आठवण

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं कोणी म्हणालं की मी कमलाबाईंचं नाव घेते. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवून दाखवला, मग केंब्रिजला गेल्या आणि बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवायला लागणारं एक प्रोटीन, सापडतं हे दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. पुढे दिल्लीत शिकवलं, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. आणि मग काय केलं? कन्झ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहकांच्या संस्थेत पडल्या, अन्नातली भेसळ कशी ओळखायची यावर काम केलं, ग्राहकांसाठीच्या मासिकात लेख लिहिले, १९८२-८३ ला संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. केंब्रिजची पीएचडी आणि डाळ-तेलातली भेसळ, यातलं एक मोठं आणि एक छोटं असं मला तरी वाटत नाही.

मी करते ते काम, मेडिकल रायटिंग

नवीन औषध बाजारात आणायचं तर आधी माणसांवर चाचण्या होतात, त्यांना क्लिनिकल ट्रायल म्हणतात. ट्रायल संपली की आकड्यांचा डोंगर उरतो, किती रुग्ण आले, किती मधेच सोडून गेले, कोणाला काय त्रास झाला. तो सगळा नीट मांडून सरकारी यंत्रणेकडे द्यावा लागतो, आपल्याकडे सीडीएससीओ, अमेरिकेत एफडीए. गृहकर्जाची फाइल आठवा, सातबारापासून सॅलरी स्लिपपर्यंत, एक कागद कमी पडला की फाइल परत, तसंच पण हजारो पानांचं. आणि या फाइलची रचना जगभर बहुतेक सारखीच असते, पाच भाग, पहिल्यात त्या त्या देशाचे कागद, दुसऱ्यात सारांश, तिसऱ्यात औषध कसं बनतं आणि त्याचा दर्जा, चौथ्यात प्राण्यांवरचे प्रयोग, पाचव्यात माणसांवरच्या चाचण्या.

मी मुख्यतः दुसरा आणि पाचवा भाग लिहिते. समजा तक्त्यात ३१२ रुग्ण आहेत आणि मजकुरात ३११, तर तो एक माणूस गेला कुठे हे मी शोधते. कधी टायपिंगची चूक निघते, कधी कळतं की त्या रुग्णाने डोस घेतलाच नव्हता आणि मग त्याला कुठल्या गटात मोजायचं यावर दोन दिवस मीटिंगा होतात. तो एक माणूस महत्त्वाचा असतो, उद्या हे औषध कोणाच्या तरी वडिलांना दिलं जाणार असतं. लॅबमध्ये मी एका ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन ओळखायच्या एका प्रयोगावर, तीन आठवडे घालवायचे तेव्हाची चिकाटीच इथे कामाला येते.

पेटंट, म्हणजे खरंच नवीन आहे का ते बघणं

हळदीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला हळदीने जखम भरून काढण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ, जुने लेख काढून दाखवले की अहो हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालू आहे, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पेटंटचं निम्मं काम हेच, की हे आधी कोणी कुठे लिहून ठेवलंय का. सायन्स वाचता येणाऱ्या माणसाशिवाय ते होत नाही.

दुसरं उदाहरण ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाचं. कंपनीने माहीत असलेल्या रेणूच्या नव्या स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं. आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) म्हणतं की जुन्याच पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, त्याने गुण जास्त यायला हवा. कंपनी म्हणाली, शरीरात शोषलं जातं ३० टक्के जास्त. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं, जास्त शोषलं गेलं म्हणजे आजार जास्त बरा झाला असं त्यातून सिद्ध होत नाही म्हणून. हा वाद वाचताना मला आमच्या लॅब मीटिंगच आठवल्या, तिथे रोज हेच भांडण असायचं की तू मोजलंस एक आणि दावा करतेस दुसरा.

या क्षेत्रात यायला वकिलीची डिग्री लागत नाही. सायन्सची पदवी असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते, ती पास झालात की पेटंट ऑफिससमोर लोकांचे अर्ज घेऊन उभं राहता येतं. पेटंट ऑफिसची चार कार्यालयं आहेत, त्यातलं एक मुंबईत. तिथे अर्ज तपासणारे एक्झामिनरही सायन्स आणि इंजिनिअरिंगवालेच.

बाकीच्या वाटा, जरा भराभर

मशीन विकणाऱ्या कंपन्यांमध्ये ॲप्लिकेशन सायंटिस्ट असतात. ट्रॅक्टर विकायला शेती कळणारा माणूस लागतो तसं, कोट्यवधीचा मायक्रोस्कोप बसवून दिल्यावर लॅबमधल्या मुलांना त्यावर त्यांचा स्वतःचा प्रयोग लावून द्यायचा. प्रवास खूप पण ज्यांना लोकांत रमायला आवडतं त्यांना हे काम फार मानवतं. मेडिकल सायन्स लायझन म्हणजे औषध कंपनीतर्फे मोठ्या डॉक्टरांशी संशोधनावर बोलणारा माणूस, एमआरसारखं (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) विक्रीचं टार्गेट त्याला नसतं. फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषध बाजारात आल्यावर कोणाला काय दुष्परिणाम झाले यावर नजर ठेवणं, यात एमएस्सी आणि फार्मसीवालेही भरपूर आहेत.

ज्यांना हातात पिपेट हवंच आहे, म्हणजे प्रयोगच करायचे आहेत, त्यांच्यासाठी कंपन्यांमधलं संशोधन आहे. पुण्यातच बघा, हडपसरला सीरम, हिंजवडीला जेनोव्हा, २०२२ मध्ये आपल्याकडची पहिली एमआरएनए लस मंजूर झाली ती जेनोव्हाची. फरक एवढाच की कॉलेजात प्रश्न तुमचा असतो, कंपनीत कंपनीचा, आणि प्रोजेक्ट चांगला चालू असतानाही एका सकाळी बंद होऊ शकतो. काही जणांना ते फार लागतं.

कॉम्प्युटरवर जीवशास्त्र करणाऱ्यांची गरज कोविडमध्ये सगळ्यांना कळली. मार्च २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे जनुकीय बदल दिसतायत. हे कोणीतरी विषाणूच्या जनुकांच्या हजारो अक्षरांच्या ओळी एकमेकींशी ताडून काढलेलं असतं. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकायला घ्या, लॅबमध्ये हाताने प्रयोग करत असाल तरी.

इकॉलॉजीवाल्यांना पर्यावरण परिणामांचे अहवाल, जैवविविधतेची सर्वेक्षणं, निसर्ग संस्थांमधली कामं आहेत. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांमध्ये प्रस्ताव तपासणारी माणसं लागतात, तीही पीएचडीवालीच. आणि स्वतःचं काही काढायचं असेल तर बायरॅक या बायोटेक उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची बिग नावाची ग्रँट आहे, कल्पनेला ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, आणि पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे जिथे अशा लहान कंपन्यांना लॅब आणि सल्ला मिळतो. हे मात्र घरचा हप्ता चालू असताना डोळे मिटून करायचं काम नाही.

"मग एमएस्सी करूनच नोकरीला लागले असते तर?"

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. खरं सांगायचं तर यातल्या काही कामांना पीएचडी लागतच नाही, आणि पाच वर्षं आधी लागलेला माणूस पगारात आणि अनुभवात पुढे गेलेला असतो. तुम्ही तिशीत फ्रेशर म्हणून रुजू होता आणि तुमचा टीम लीड पंचविशीचा असतो, हे पचायला मला सहा महिने लागले. पण लायझन, कंपनीतलं संशोधन, ट्रायलच्या अहवालांचं अवघड लिखाण अशा ठिकाणी पुढच्या पायऱ्यांवर पीएचडी चांगलीच उपयोगी पडते. म्हणून जे अजून पीएचडीला बसलेले नाहीत त्यांना मी सांगते, नुसतं डॉक्टर लागावं नावापुढे म्हणून पाच वर्षं देऊ नका, प्रश्नाची ओढ असेल तरच द्या.

"पण माझं तर सगळं मराठी मीडियममधून झालंय"

माझंही. ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्या रुग्णाला सगळी माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, तेव्हा संमतीपत्राचं मराठी तपासायला आमच्या टीममध्ये माझ्याकडेच येतात. युरोपात तर आता ट्रायलचा निकाल सामान्य माणसाला कळेल अशा सोप्या भाषेत लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अवघड गोष्ट आईला समजेल अशी सांगता येणं हे कौशल्य आहे आणि ते इंग्रजी मीडियमवाल्यांना आपोआप येत नाही. इंग्रजी लिखाण सुधारावं लागतं हे खरं, पण थिसिस लिहिलाय ना तुम्ही, मग ते येईल.

"हे सगळं आता एआय करेल"

पहिला कच्चा मसुदा करतंय, आमच्याकडेही. पण तो ३१२ आणि ३११ मधला माणूस शोधून त्याखाली कोणीतरी सही करायची असते, आणि मशीनने आत्मविश्वासाने लिहिलेली चूक पकडायला विषय आतून माहीत असावा लागतो. साधं कॉपी-पेस्टचं काम कमी होणार हे नक्की, त्यामुळे नवीन येणाऱ्यांनी फक्त लिहिता येतं यावर अवलंबून राहू नये, आकडेवारी शिकावी.

"परत संशोधनात येता येतं का?"

अवघड आहे. पेपर छापणं थांबलं की तीन-चार वर्षांत विद्यापीठाचं दार जवळजवळ बंद होतं. कंपनीच्या संशोधनातून परतलेले लोक मी पाहिलेत पण मोजकेच. म्हणून जायचं तर विचार करून, थकलोय म्हणून नाही. थकवा असेल तर आधी महिनाभर घरी जाऊन झोपा.

गाइडना कधी सांगायचं हा त्यातलाच पोटप्रश्न. काही गाइड मनापासून मदत करतात, काहींना तो विश्वासघात वाटतो. माझं मत, शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका, तिसऱ्या वर्षापासून महिन्यातून एक शनिवार या शोधाला द्या, बाहेर गेलेल्या सीनियर्सना फोन करा आणि त्यांना नोकरी मागू नका, फक्त विचारा की तुमचा मंगळवार कसा जातो. दिवसाचं खरं काम कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. आणि सीव्ही बदला हो, बारा पानांची पेपर-पोस्टरची यादी कंपनीत कोणी वाचत नाही, दोन पानांत सांगा की काय अडलं होतं आणि तुम्ही ते कसं सोडवलंत.

ज्युनियरला मी एकच गृहपाठ दिला होता. गेल्या पाच वर्षांत लॅबमधली बाकीची मुलं तुझ्याकडे कशासाठी यायची ते लिहून काढ. तिची यादी आली तर त्यात तिचा थिसिसचा विषय कुठेच नव्हता, फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारं मशीन, अडला की सगळे हिला हाक मारायचे, नवीन मुलांना मशीन शिकवायची तीच, कंपनीचा माणूस आला की त्याच्याशी भांडून दुरुस्ती करून घ्यायची तीच. तिच्या डोक्यातही आलं नव्हतं की याला नोकरी म्हणतात. आता दोन ठिकाणी ॲप्लिकेशन सायंटिस्टसाठी अर्ज केलाय, एका ठिकाणी पहिला राउंड झालाय. आईला समजवायचं काम मात्र तिने माझ्यावर सोपवलंय, या रविवारी साताऱ्याला जातेय त्यांच्याकडे.